विहिरीवरची मोटर घरून चालवायची असेल तर हुकूम वेगळा ठेवा, हकीकत वेगळी

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी भागात थ्री फेजची लाईन काही दिवस दिवसपाळीत येते, काही दिवस रातपाळीत, आणि रातपाळी लागली की टॉर्च घेऊन धुऱ्याधुऱ्याने विहिरीपर्यंत जायचं, पायाखाली काय आहे दिसत नाही, रानडुकराचा कळप कुठून निघेल सांगता येत नाही, आणि एवढं करून पोचलो की लाईन गेलेली. म्हणून मोटर घरून चालवायचं बरेच दिवस डोक्यात होतं. बाजारात मिस्ड कॉलवर चालणारे स्टार्टर मिळतात, ते काही वाईट नाहीत, पण मला मोटरसोबत ठिबकचे वॉल्व्ह, विहिरीची पातळी आणि घरावरची टाकी हे सगळं एकाच जागी पाहिजे होतं. त्यातून एमक्यूटीटी, म्हणजे डिव्हाईसांनी इंटरनेटवरून एकमेकांना छोटे मेसेज पाठवायची पद्धत, शिकलो. दोन वर्षं झाली वापरून राहिलो, एकदा मोठी चूकही झाली, तीही सांगतो कारण नवीन माणूस हमखास तिथंच अडकतो.

पहिले हे एमक्यूटीटी म्हणजे काय ते समजून घ्या. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर या दोघांनी तेलाच्या पाईपलाईनवर दुरून नजर ठेवायसाठी हे बनवलं. तिथं सॅटेलाइटची लिंक होती, महाग आणि भरवशाची नाही, म्हणून मेसेज जितका लहान करता येईल तितका केला, सगळ्यात लहान पॅकेट तर फक्त २ बाईटचं असते. मला वाटते म्हणूनच हे आपल्या वावरात इतकं चांगलं बसते, आपल्याकडंही टॉवरची एक काडी येते आणि जाते. पुढं २०१४ मध्ये ३.१.१ हे व्हर्जन ओएसिस या संस्थेचं स्टँडर्ड झालं आणि २०१९ मध्ये ५ नंबरचं आलं, आपलं काम ३.१.१ वर आरामात भागते.

यात मोबाईल थेट मोटरशी बोलत नाही. मधात एक ब्रोकर असतो. गावातल्या कोतवालासारखा समजा, ज्याला काही सांगायचं तो कोतवालाला सांगते, आणि ज्याने आधीच सांगून ठेवलं की "बाबा, पाण्याची खबर आली तर मला सांगजो", त्याच्या घरी कोतवाल ती खबर नेऊन देते. सांगणारा पब्लिश करते, ऐकणारा सबस्क्राईब करते, आणि खबर कशाची आहे ते ज्याने ठरते त्याला टॉपिक म्हणतात. सांगणाऱ्याला हे माहीत असायची गरज नाही की ऐकणारे किती आहेत.

याचा आपल्यासाठी खरा फायदा वेगळाच आहे. मोबाईलच्या सिमवरच्या इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक पत्ता नसते, कंपनी एकाच पत्त्यामागं हजारो गिऱ्हाईकं बसवते, त्यामुळं बाहेरून कोणी तुमच्या वावरातल्या डिव्हाईसपर्यंत पोचूच शकत नाही. एमक्यूटीटीत मोटरवालं डिव्हाईसही (विहिरीवर बसवलेला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) स्वतःहून ब्रोकरकडं जाते आणि तुमचा मोबाईलही स्वतःहून जाते, दोघंही बाहेर पडणारे, आत कोणालाच यावं लागत नाही. राउटरमध्ये काही उघडत बसायचं काम नाही.

आता टॉपिकची नावं ठरवा, आणि हे कागदावर ठरवा, कोड लिहिता लिहिता नाही. टॉपिक युटीएफ-८ मध्ये असते म्हणजे मराठीतही चालते. माझे तीन असे आहेत: वावर/विहीर/मोटर/हुकूम, वावर/विहीर/मोटर/हकीकत, आणि वावर/विहीर/मोटर/हजेरी. हुकूम म्हणजे मोटरला सांगणं, हकीकत म्हणजे मोटर खरंच कशी आहे, हजेरी म्हणजे डिव्हाईस जोडलेलं आहे का नाही. मराठीत लिहिलं तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, "विहीर" आणि "विहिर" हे ब्रोकरसाठी दोन वेगळे टॉपिक आहेत, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मेसेज गुपचूप हरवते आणि कुठंही एरर दिसत नाही, मी एक संध्याकाळ यातच घालवली. दोन, देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं आणि मात्रा वेगळी, ३ बाईट खाते, आणि आर्डुइनोच्या (अशा बोर्डासाठी कोड लिहायचं साधन) पबसबक्लायंट लायब्ररीत अख्ख्या पॅकेटची मर्यादा ठरलेली २५६ बाईट आहे, म्हणून नावं आखूड ठेवा नाहीतर ती मर्यादा वाढवून घ्या. ऐकताना + टाकला तर त्या एका पायरीवरचं काहीही चालते, आणि शेवटी # टाकला तर तिथून खालचं सगळं. वावर/# ऐकलं की अख्खं वावर ऐकू येते, तपासणीला फार कामाचं.

हुकूम आणि हकीकत वेगळे का, तर मोबाईलवरून "चालू" पाठवलं म्हणजे मोटर चालू झाली असं होत नाही. लाईन नसेल, एक फेज नसेल, ओव्हरलोड पडलेला असेल, स्टार्टरमध्ये पाल अडकली असेल. सुरुवातीला माझ्या मोबाईलचं बटण दाबलं की हिरवं व्हायचं आणि मी समजायचो पाणी चाललं, सकाळी पाहतो तर झाडाखाली कोरडं ठणठणीत. मोबाईलवरचा हिरवा दिवा फक्त हकीकतीच्या टॉपिकवर पेटला पाहिजे, आणि हकीकत मोटरजवळच्या डिव्हाईसने डोळ्याने पाहिल्यासारखी मोजून सांगितली पाहिजे. सोपा उपाय म्हणजे कॉन्टॅक्टरचा (स्टार्टरमधला मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच) रिकामा असलेला ऑक्झिलरी संपर्क डिव्हाईसच्या एका पिनवर आणा. त्याहून चांगला उपाय म्हणजे एका फेजच्या वायरवर क्लॅम्पसारखा करंट सेन्सर, कारण ५ एचपीची थ्री फेज मोटर भरल्या लोडवर साधारण ७-८ अँपिअर घेते, आणि विहीर आटून पंप कोरडा फिरायला लागला की करंट उतरते. उन्हाळ्यात आपल्या विहिरी तळाला जातात तेव्हा हा एक आकडा मोटर जळण्यापासून वाचवते.

आता ती चूक. एमक्यूटीटीत रिटेन नावाची सोय आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यासारखी, शेवटचा मेसेज फळ्यावर लिहून राहते आणि जो कोणी उशिरा येईल त्याला तो आल्याआल्या वाचायला मिळते. हकीकतीसाठी हे उत्तम आहे, मोबाईल उघडला की लगेच दिसते मोटर कशी आहे. पण मी हुकूमही रिटेन करून पाठवत होतो. आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलाच्या) ताणाचे दिवस होते, म्हणजे फूल एकदम यावं म्हणून झाडांचं पाणी महिनाभरापासून तोडलेलं, पानं कोमेजून राहिली होती, म्हणजे ताण बरोबर बसत होता. ताण देण्याआधीचा शेवटचा "चालू" फळ्यावर तसाच लिहिलेला होता, कारण तेव्हा मोटर मी विहिरीवर जाऊन हातानं बंद केली होती आणि डिव्हाईसचा प्लगही काढला होता. महिन्याने बॅटरी बदलायला म्हणून ते परत लावलं, घरी आलो, रात्री लाईन आली, डिव्हाईस ब्रोकरला जोडलं गेलं, फळा वाचला आणि मोटर सुरू. सकाळी बाबा वावरातून आले आणि एवढंच म्हणाले, "कोनं देल्लं रे पानी?" सात ओळी भिजल्या होत्या. त्या ओळींना ताण तुटला आणि फुटवा पानांचा आला, फुलांचा नाही, बाकीच्या झाडांना फूल आलं तेव्हा तो फरक उभ्या वावरात दिसत होता. एका टिकमार्कमुळं सात ओळींचा बहार गेला.

म्हणून हुकूम कधीही रिटेन करू नका. आधी चुकून केला असेल तर त्याच टॉपिकवर रिकामा मेसेज रिटेन करून पाठवा, फळा पुसला जाते. अशीच अजून एक छुपी वाट आहे, ती लोकांच्या ध्यानात येत नाही. क्यूओएस म्हणजे मेसेज पोचवायची हमी, ० म्हणजे एकदा सांगून मोकळा, १ म्हणजे पोच मिळेपर्यंत परत परत सांगणे, २ म्हणजे नेमका एकदाच. डिव्हाईसने १ वर सबस्क्राईब केलं आणि क्लीन सेशन (दरवेळी मागचं विसरून कोरं जोडणं) बंद ठेवलं, तर डिव्हाईस ऑफलाईन असताना १ वर पाठवलेले हुकूम ब्रोकर सांभाळून ठेवते आणि आल्यावर सगळे हातात देते, म्हणजे पुन्हा तेच शिळे हुकूम. मोटरच्या डिव्हाईसला क्लीन सेशन चालूच ठेवा. आणि माझ्या हुकुमात आता पाठवल्याची वेळ असते, डिव्हाईस स्वतःची वेळ इंटरनेटवरून घेते आणि ६० सेकंदापेक्षा जुना हुकूम असेल तर तो मानत नाही.

क्यूओएस १ मध्ये एकच मेसेज दोनदाही येऊ शकते हे विसरू नका, म्हणून "उलट कर" असा हुकूम ठेवू नका, दोनदा आला की मोटर होती तशीच राहील. "चालू" आणि "बंद" असे सरळ शब्द ठेवा, दोनदा ऐकले तरी बिघडत नाही. आणि "चालू" सोबत मिनिटं पाठवा, "चालू ९०" असं. ९० मिनिटं मोजायचं काम डिव्हाईसचं, मोबाईलचं नाही, कारण "बंद" पाठवायच्या वेळी नेटवर्क गेलं तर मोटर रातभर चालत राहील आणि तुम्ही घरी नुसते बटण दाबत बसाल.

ब्रोकर कुठं ठेवायचा. शिकायसाठी घरच्या जुन्या लॅपटॉपवर मॉस्किटो नावाचा ब्रोकर टाका, फुकट आहे. व्हर्जन २ पासून तो आधी फक्त त्याच कॉम्प्युटरपुरता ऐकते, बाहेरच्याला जोडूनच घेत नाही, त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये लिसनर १८८३ ही ओळ टाकावी लागते आणि पासवर्डची फाईल बनवून द्यावी लागते, नवीन लोक इथं तासन् तास बसतात की वायफाय बरोबर आहे तरी जुळत कसं नाही. त्याच्यासोबत मॉस्किटो-पब आणि मॉस्किटो-सब अशी दोन साधनं येतात, एका खिडकीत सबने वावर/# ऐकत बसा, दुसऱ्या खिडकीतून पबने हुकूम पाठवा, आणि डिव्हाईस विकत घ्यायच्या आधीच सगळा खेळ डोळ्यासमोर पाहून घ्या. मी म्हणेन दोन-तीन दिवस नुसतं हेच करा.

पण वावरात जायचं तर घरचा लॅपटॉप पुरत नाही, वर सांगितलं तेच कारण, घरचं इंटरनेट सिमवरचं असेल तर वावरातलं डिव्हाईस घरापर्यंत पोचणार नाही. मग क्लाउडवरचा ब्रोकर घ्या, हाईव्हएमक्यूसारख्यांचं फुकटचं खातं छोट्या कामाला पुरते. पोर्ट ८८८३ वापरा, त्यात बोलणं कुलूपबंद जाते, १८८३ वर पासवर्डसकट उघडं जाते. इंटरनेटवर टेस्टसाठी सगळ्यांना खुले असलेले ब्रोकर आहेत, तिथं # टाकून कोणीही तुमचे टॉपिक वाचू शकते आणि "चालू" पाठवूही शकते, तिथं बल्बसुद्धा लावू नका. डिव्हाईसला वेगळा युजर, मोबाईलला वेगळा युजर, आणि जमलं तर परवानग्याही वेगळ्या, मोबाईलने फक्त हुकुमावर लिहावं, डिव्हाईसने फक्त हकीकत आणि हजेरीवर. क्लायंट आयडीही प्रत्येकाचा वेगळा पाहिजे, दोघांचा एक झाला तर ब्रोकर जुन्याला हाकलते आणि नव्याला घेते, मग जुना परत येऊन नव्याला हाकलते, आणि दोघंही दिवसभर जोडले-तुटले करत राहतात.

डिव्हाईस म्हणून ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड घ्या. ईएसपी८२६६ वाला नोडएमसीयूही चालते, बोर्डवर डी१ आणि डी२ लिहिलेल्या पिना रिलेला (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच) वापरा, कारण काही पिना बोर्ड सुरू होताना आपोआप हलतात आणि तेवढ्यात रिले टक् करून वाजते, मोटरच्या बाबतीत ती टक् नको. दोन्ही बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर चालतात. विहिरीजवळ सिमवाला छोटा हॉटस्पॉट ठेवला की झालं. स्वस्तातलं सिम८००एल मॉड्यूल घेत असाल तर ते फक्त २जी आहे, जिओचं सिम त्यात चालणार नाही, जिओचं नेटवर्क ४जीपासूनच सुरू होते. कोड लिहायचा नसेल तर टास्मोटा नावाचं तयार फर्मवेअर (बोर्डात टाकायचा प्रोग्रॅम) आहे, एमक्यूटीटी त्यात आयतं मिळते, घरच्या लाईट-पंख्याला मी तेच वापरतो. मोटरला मात्र स्वतःचा कोड, कारण मिनिटं मोजणं आणि शिळा हुकूम नाकारणं मला माझ्या पद्धतीनं पाहिजे.

कोडमध्ये दोन जागी लोक फसतात. कनेक्शन तुटून परत जुळलं की परत सबस्क्राईब करावं लागते, ते फक्त सुरुवातीला एकदा लिहिलं तर पहिल्यांदा नेटवर्क जाईपर्यंत सगळं छान चालते आणि नंतर डिव्हाईस ऑनलाईन दिसते पण ऐकत नाही. दुसरं, मोठा डिले (कोडला थांबवून ठेवणारी ओळ) टाकू नका, ब्रोकरला मधूनमधून "मी आहे" सांगावं लागते आणि डिलेमध्ये ते राहून जाते. या "मी आहे" च्या वेळेला कीप अलाईव्ह म्हणतात, पबसबक्लायंटमध्ये ती १५ सेकंद असते, कमजोर टॉवरवर मी ६० केली. दीडपट वेळ उलटली तरी डिव्हाईसचा आवाज आला नाही तर ब्रोकर त्याला गेलं असं धरते, म्हणजे ६० ला ९० सेकंद.

आणि तेव्हाच हजेरीचा टॉपिक कामाला येते. जुळतानाच डिव्हाईस ब्रोकरजवळ एक निरोप ठेवून जाते की मी अचानक गेलो तर माझ्या नावानं हजेरीवर "ऑफलाईन" लिहून टाक, याला लास्ट विल म्हणतात. तो रिटेन ठेवा, आणि जुळल्याबरोबर डिव्हाईसने स्वतः "ऑनलाईन" रिटेन पाठवावं. मोबाईलवर हजेरी ऑफलाईन असेल तर हकीकतीत काहीही लिहिलेलं असो, ते जुनं समजा. बोर्डाला आणि हॉटस्पॉटला छोटी बॅटरी द्या, नाहीतर लाईन गेली की डिव्हाईसही गेलं आणि तुम्हाला कळणारच नाही की लाईन गेली का टॉवर गेला. बॅटरी असली की "थ्री फेज आली" ही खबरही मिळते, सिंगल फेज प्रिव्हेंटरच्या (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) संपर्कावरून मी ती घेतो, आणि खरं सांगतो, मोटर चालू-बंदपेक्षा घरच्यांना हीच खबर जास्त आवडली, लाईन आली का पाहायला आता कोणी रात्री उठत नाही. डबा सावलीत ठेवा, मे महिन्यात लोखंडी पेटीत बॅटरी फुगते.

आता वायरिंग, आणि इथं मी हात जोडून सांगतो की वायरमनला घेऊनच करा. त्या निळ्या छोट्या रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेलं असते, आणि आपल्या थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुतेक दोन फेजांमधली, ४१५ व्होल्टची असते. निळा रिले थेट हिरव्या बटणाला लावू नका, तो आतल्या आत चिकटते आणि मग बंदच होत नाही. मधात २३० व्होल्ट कॉइलचे छोटे कॉन्टॅक्टर टाका, रिले त्यांना चालवेल आणि ते स्टार्टरला. त्यासाठी न्यूट्रल लागते, ती नसेल तर अर्थिंगलाच न्यूट्रल करून भागवू नका, त्या अर्थिंगला हात लावणारा माणूस जाते.

एक कॉन्टॅक्टर हिरव्या बटणाला समांतर, सेकंदभरासाठी. दुसरा लाल बटणाच्या ओळीत, आणि तो असा की डिव्हाईस जिवंत असेल तरच जोडलेला राहील. काही लोक उलटं करतात, डिव्हाईस मेलं तरी मोटर चालूच राहावी असं, मला ते पटत नाही. बाजूला ऑटो-मॅन्युअलचा स्विच ठेवा म्हणजे सगळं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तरी बाबांना बटण दाबून पाणी सुरू करता आलं पाहिजे. ओव्हरलोड आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर काढायचे नाहीत. स्टार्टरवर ते लाईन आली की मोटर आपोआप सुरू करणारं ऑटो स्विच असेल तर ते मात्र काढा, ते तुमच्या कोणत्याच हुकुमाला विचारत नाही. आणि विहिरीत माणूस उतरणार असेल, गाळ काढायला असो की फूटव्हॉल्व्ह पाहायला, तर मोबाईलवर बंद करून भागत नाही, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात घालूनच माणूस खाली उतरला पाहिजे. आमच्या पेटीवर हे खडूनं नाही, पेंटनं लिहिलेलं आहे.

मोबाईलसाठी आयओटी एमक्यूटीटी पॅनल नावाचं ॲप घ्या, एक बटण हुकुमाला, एक दिवा हकीकतीला, एक हजेरीला. बटणाच्या सेटिंगमध्ये रिटेनचा टिकमार्क काढलेला आहे का ते दोनदा पाहा.

मोटर जोडायच्या आधी पंधरा दिवस त्या जागी १०० वॅटचा बल्ब लावून ठेवा, विहिरीवरच, घरी नाही. मुद्दाम हॉटस्पॉट बंद करा आणि हजेरी दीड मिनिटात बदलते का पाहा. "चालू ५" पाठवून लगेच हॉटस्पॉट काढा, पाच मिनिटांनी बल्ब आपोआप विझला पाहिजे. डिव्हाईस बंद असताना "चालू" पाठवा, दहा मिनिटांनी डिव्हाईस लावा, बल्ब पेटला तर अजून कुठंतरी फळ्यावर काही लिहिलेलं राहिलं आहे, ते सापडेपर्यंत मोटर जोडू नका.